पोलिसांना जीवनरक्षणाचं प्रशिक्षण: एका दिवसाच्या प्रमाणपत्राने भागेल का?

रानजाई

नमस्कार मंडळी,

मी तातडीच्या विभागात परिचारिका आहे आणि बीएलएसचं, म्हणजे प्राथमिक जीवनरक्षणाचं, प्रशिक्षण देते. आता पोलिसांना शिकवायचं काम आलंय. मागणी अशी: एकच दिवस, हॉल भरून माणसं, स्लाइड्स, शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो. मला हे पटत नाही. का पटत नाही ते सविस्तर लिहिते. इथे डॉक्टर आहेत, खात्यातली माणसंही आहेत, सगळ्यांनी तपासून बघा.

आधी पोलीसच का, ते सांगते. हृदय अचानक बंद पडलं आणि छाती दाबायला कुणी नसेल, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. रुग्णवाहिका कितीही तत्पर असली तरी तिला कुठून तरी निघून यावं लागतं. गस्तीवरचा पोलीस मात्र रस्त्यातच असतो. अपघात, मारामारी, बुडालेला माणूस, गळफास, गर्दीत कोसळलेलं कुणी, अशा ठिकाणी बरेचदा पहिला गणवेश त्याचाच दिसतो. त्या वेळी त्याला येतं काय? गर्दी हटवणं, जागा राखणं आणि रुग्णवाहिकेची वाट बघणं. ही वाट बघण्याची मिनिटंच माणसाचा जीव ठरवतात.

शिकवायचं ते फार नाही. जागा आपल्यासाठी सुरक्षित आहे का बघायचं. खांदे हलवून मोठ्याने हाक मारायची. प्रतिसाद नसेल तर मदत मागवायची आणि एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका (शॉक) देणारं स्वयंचलित यंत्र, आणायला माणूस पाठवायचा. श्वास नेहमीसारखा आहे का हे जास्तीत जास्त १० सेकंद बघायचं, आणि नसेल तर छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच ठेवून दाबायला लागायचं. मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. श्वास देता येत असतील तर ३० दाबांमागे २. दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण दमलेल्या हातांचा दाब उथळ पडतो आणि दाबणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, पहिल्यांदा हात ठेवणारे बहुतेक जण कमी खोल दाबतात, आणि मध्येच थांबून इकडेतिकडे बघतात. हे हाताने शिकायचं काम आहे. शिकलेला हातही ३ ते ६ महिन्यांत विसरायला लागतो, हे अनेक अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलंय. प्रमाणपत्र मात्र साधारण २ वर्षं चालतं. म्हणजे बराच काळ भिंतीवर प्रमाणपत्र आहे आणि हातात कौशल्य नाही, अशी स्थिती राहते.

म्हणून माझा आग्रह असा की दिवसभराचा एक कार्यक्रम करण्यापेक्षा दर दोन-तीन महिन्यांनी दहा-पंधरा मिनिटांचा सराव ठेवावा, तोही पोलीस ठाण्यातच. आणि शिकवताना प्रसंग पोलिसांचे असावेत. बैठकीच्या खोलीत खुर्चीवरून घसरलेल्या साहेबांचा प्रसंग त्यांच्या कामाचा नाही.

तुमचं मत सांगा.

हृत्स्पंद

रानजाई, पूर्ण सहमत. भूलतज्ज्ञ म्हणून दोन गोष्टींवर जोर देतो.

पहिली गोष्ट आचक्यांची. हृदय थांबल्यावरही सुरुवातीची काही मिनिटं बऱ्याच रुग्णांना आचके येतात. तोंड उघडतं, घरघर होते, मासळीसारखा 'आ' वासला जातो, मग काही सेकंद काहीच नाही, आणि पुन्हा एक आचका. बघणाऱ्याला वाटतं श्वास चालू आहे. तो श्वास नसतो. सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. याचे व्हिडिओ दाखवल्याशिवाय कुणालाही प्रमाणपत्र देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट फिटची. हृदय थांबतं त्या क्षणी मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो आणि शरीराला थोडा वेळ झटके येऊ शकतात. पोलिसांच्या डोळ्यांना ते 'फिट आली' किंवा 'दारू प्यायलाय' असं दिसतं, कारण रोजच्या कामात त्यांना तेच जास्त भेटतं. झटके थांबल्यावर माणूस हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर दाबायला सुरुवात करायची.

आणि नाडी शोधायला लावू नका. मानेवरची नाडी दहा सेकंदांत खात्रीने ओळखणं सराव असलेल्यांनाही जड जातं. प्रतिसाद नाही, नेहमीसारखा श्वास नाही, एवढ्यावर निर्णय घ्यायला शिकवा.

जुनाखाकी

ताई, मी खात्यातून निवृत्त झालेला माणूस. तुमचं सगळं खरं आहे, पण शिपायाच्या मनात काय असतं ते सांगतो. त्याला भीती मरणाऱ्याची नसते, चौकशीची असते. 'मी हात लावला आणि तो गेला तर?' नातेवाईक म्हणणार पोलिसांनी छातीवर बसून मारलं. बाजूला दहा मोबाइल चालू असतात. बरगडी मोडल्याचा आवाज आला की हात तिथेच थिजतो.

ही भीती तुमच्या स्लाइडने जायची नाही. वरून लेखी आदेश हवा: श्वास नसलेल्या माणसाला जीवनरक्षण देणं हे कर्तव्य आहे आणि ते प्रामाणिकपणे करणाऱ्याच्या मागे खातं उभं राहील. असा कागद असला की शिपाई बिनधास्त गुडघे टेकतो.

दुसरं, सराव हजेरीच्या वेळी घ्या. हजेरीला सगळे असतातच. वेगळा दिवस काढलात तर बंदोबस्त लागतो आणि सरावाचा दिवस गेलाच म्हणून समजा.

हृत्स्पंद

जुनाखाकी काका, फार महत्त्वाचा मुद्दा. बरगड्यांबद्दल प्रशिक्षणात उघडपणे बोललं पाहिजे. नीट खोल दाबलं तर बरगड्या मोडू शकतात, वयस्कर माणसात तर हमखास. त्या जुळतात. हृदय थांबलेल्या माणसाला न दाबण्याचा परिणाम एकच असतो. आणि हृदय चालू असलेल्या माणसाची छाती चुकून दाबली गेलीच, तर गंभीर इजा क्वचित होते. तो बहुधा हात झटकतो, कण्हतो, आणि आपण थांबतो. शंका असेल तेव्हा दाबावं, हे शिपायाला ठामपणे सांगा.

शंकासुर

मी विरोधी बाजू मांडतो, कारण ती मांडायलाच हवी. पोलिसांवर आधीच सगळी कामं टाकलेली आहेत. त्यात हे एक. पोलिसांना एईडी देऊन जगण्याचं प्रमाण वाढलं नाही असाही अभ्यास आहे. अमेरिकेत इंडियाना राज्याच्या उपनगरी आणि ग्रामीण भागात हे करून बघितलं होतं, २००१ साली प्रसिद्ध झालं. यंत्रं दिली, प्रशिक्षण दिलं, फायदा दिसला नाही. मग हा खर्च आणि वेळ कशाला?

कालदर्शी

शंकासुर, तो अभ्यास खरा आहे, पण त्यात फायदा का दिसला नाही तेही बघा. तिथे माणूस कोसळल्याचा फोन आला तरी पोलीस फारच थोड्या वेळा गेले. म्हणजे यंत्र गाडीत होतं, गाडी मात्र तिकडे गेलीच नाही.

याच्या उलट अमेरिकेतच मिनेसोटा राज्यातलं रोचेस्टर शहर. १९९० पासून तिथल्या पोलिसांच्या गाड्यांत एईडी आहेत. फोन आला की पोलीस आणि रुग्णवाहिका दोघांनाही एकाच वेळी पाठवतात, आणि आधी पोचेल तो शॉक देतो. शॉक देण्याजोगी लय असलेल्या, म्हणजे हृदयाची बिघडलेली गती शॉकने सुधारू शकते अशा, रुग्णांपैकी जवळपास निम्मे घरी परत गेल्याचं तिथल्या अहवालांत आहे. रुग्णालयाबाहेरच्या घटनांसाठी हे विलक्षण मोठं प्रमाण आहे.

मला मात्र सगळ्यात बोलका वाटतो तो कॅसिनोतला अभ्यास, २००० सालचा. तिथे डॉक्टर नव्हते, पोलीसही नव्हते, सुरक्षारक्षक होते. त्यांना छाती दाबणं आणि एईडी शिकवलं. कोसळताना कुणीतरी पाहिलेल्या आणि ३ मिनिटांच्या आत पहिला शॉक मिळालेल्या रुग्णांपैकी ७४ टक्के वाचले. ३ मिनिटांनंतर मिळालेल्यांपैकी ४९ टक्के. दोन्हीकडे माणसं तीच, यंत्रंही तीच.

शंकासुर

कालदर्शी, हे मान्य. म्हणजे प्रश्न पोलिसाला किती येतं एवढाच नाही, त्याला तिथे कोण पाठवतं हाही आहे. मग नियंत्रण कक्ष सोडून फक्त शिपायांना शिकवणं अर्धवटच.

बिनतारी

शंकासुरांचं हे शेवटचं वाक्य मला फ्रेम करून लावावंसं वाटतंय. मी नियंत्रण कक्षात फोन घेते.

लोक फोनवर 'हृदय बंद पडलं' असं सांगत नाहीत. 'माणूस पडलाय', 'चक्कर आली', 'काहीतरी झालंय, लवकर या' असंच सांगतात. आम्ही दोनच प्रश्न विचारायचे: शुद्धीवर आहे का? नेहमीसारखा श्वास घेतोय का? दोन्हीचं उत्तर 'नाही' आलं की गाडी लगेच सोडायची, आणि फोनवरच्या माणसाकडून छाती दाबून घ्यायला सुरुवात करायची. मोजत राहायचं, त्याला थांबू द्यायचं नाही.

रानजाई, तुमच्या आराखड्यात फोन घेणारे आणि गस्तीवरचे एकत्र सराव करतील असं बघा. खोटा फोन लावायचा, कक्षाने गाडी सोडायची, गाडीतल्यांनी उतरून मॅनिकिनवर काम करायचं, आणि फोन आल्यापासून पहिल्या दाबापर्यंत किती वेळ गेला तो लिहून ठेवायचा. तो आकडा सगळ्यांसमोर आला की कुठे वेळ जातो ते आपोआप कळतं. आमच्याकडे बराचसा वेळ पत्ता समजून घेण्यात जातो.

निळाई

मी सेवेत आहे, अंमलदार. बायकांच्या बाबतीत काय होतं ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. रस्त्यात स्त्री कोसळली की आजूबाजूचे पुरुष मागे सरतात. आमचे सहकारीसुद्धा 'मॅडम, तुम्ही बघा' म्हणतात. मी तिथे नसले तर?

शिवाय एईडीचे पॅड कपड्यांवरून चालत नाहीत, उघड्या त्वचेवरच लावावे लागतात. हे कुणी सरावात करून घेतं का? मी पाहिलेले सगळे मॅनिकिन पुरुषाच्या छातीचेच होते.

रानजाई

निळाई, हे लिहिलंस ते बरं झालं. तू म्हणतेस तसंच आकड्यांतही दिसतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना आसपासच्या लोकांकडून सीपीआर (छाती दाबणं, जमल्यास श्वास देणं) मिळाला, स्त्रियांपैकी ३९ टक्क्यांना. स्पर्शाचा संकोच हे त्याचं एक कारण मानतात.

सरावात मी मॅनिकिनला कपडे घालणार आहे: साडी, सदरा, जॅकेट. कपडे कात्रीने कापायचे, एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली आणि दुसरा डाव्या काखेखाली बरगड्यांवर लावायचा, स्तनाच्या ऊतीवर नाही. आणि आडोसा करणं हे काम ठरवून एका माणसाला द्यायचं: बाकीच्यांनी पाठ करून उभं राहायचं. गर्दी हटवणं पोलिसांइतकं चांगलं कुणालाच जमत नाही. त्या कौशल्याचा इथे उपयोग आहे.

तुझ्या मनात आणखी काही असेल तर मोकळेपणी लिही.

निळाई

आहे, ताई. ताब्यात घेतलेल्या माणसांबद्दल. झटापट होते, चारजण वर असतात, बेड्या पडतात, आणि माणूस पालथाच राहतो. 'बोलतोय म्हणजे श्वास चालू आहे' असं नेहमी म्हणतात. ते खरं आहे का?

हृत्स्पंद

नाही. माझ्या मते या अख्ख्या धाग्यातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

बोलायला थोडीशी हवा पुरते, जगायला तेवढी पुरत नाही. पालथ्या माणसाच्या पाठीवर वजन आलं की छाती फुगायला जागा राहत नाही. त्यातून तो प्रचंड झटापट करून आलेला असतो, शरीराला प्राणवायू नेहमीपेक्षा कितीतरी जास्त हवा असतो. मग तो आणखी धडपडतो, आणि वरच्यांना वाटतं विरोध करतोय, म्हणून ते आणखी दाबतात. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या संशोधन संस्थेने १९९५ मध्येच पोलिसांसाठी पत्रक काढून सांगितलं होतं की बेड्या पडताच माणसाला पोटावरून उलटवा. त्यानंतर २५ वर्षांनी, २०२० मध्ये, तिथल्याच मिनियापोलिस शहरात पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू जगाने पाहिला. तो बराच वेळ श्वास घेता येत नाही म्हणून सांगत होता.

बेड्या पडल्या की लगेच कुशीवर वळवा किंवा बसवा. एक माणूस फक्त त्याचा चेहरा आणि श्वास बघायला ठेवा. अचानक शांत झाला तर 'आता वठणीवर आला' असं समजू नका, त्याच क्षणी श्वास तपासा. श्वास नसेल तर उताणा करा, बेड्या काढा आणि छाती दाबायला लागा.

जुनाखाकी

निळाई, पोरी, हे विचारलंस याचा अभिमान वाटला. डॉक्टरांनी लिहिलंय ते प्रत्येक कोठडीच्या दारावर लागलं पाहिजे.

आता गळफासाबद्दल सांगा. कोठडीत असो की घरात, आम्हाला शिकवलंय की पुरावा हलवायचा नाही. गाठीला हात लावायचा नाही. मग माणूस तसाच ठेवायचा का?

रानजाई

काका, अजिबात नाही. आधी पायांना धरून त्याचं वजन उचलायचं म्हणजे गळ्यावरचा ताण जातो. दुसऱ्याने दोर कापायचा, पण गाठीपासून लांब. गाठ तशीच राहते आणि तपासाला मिळते. कापताना डोकं आपटू नये म्हणून धरून खाली आणायचं, गळ्याभोवतीचा फास सैल करून काढायचा आणि श्वास बघायचा. जीव वाचवणं आणि पुरावा जपणं दोन्ही जमतं, फक्त ते आधी शिकलेलं असावं लागतं. चाकू-गोळीच्या जखमांतही तसंच: कपडे कापताना भोकावरून किंवा चिरेवरून कात्री न्यायची नाही, बाजूने कापायचे आणि जपून ठेवायचे. अर्थात मृत्यूची निर्विवाद चिन्हं असतील, शरीर ताठरलेलं असेल, तर गोष्ट वेगळी.

गळफास आणि बुडणं या दोन्हींत कृत्रिम श्वास फार महत्त्वाचे, कारण तिथे आधी प्राणवायू संपतो आणि मग हृदय थांबतं. नुसतं छाती दाबणं हे अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसात सुरुवातीला चालून जातं. इथे श्वास द्यायलाच हवेत. लहान मुलांतही तेच. म्हणून प्रत्येक गाडीत तोंडावर धरायचा पॉकेट मास्क असावा. स्वस्त असतो, घडी होतो, आणि तोंडाला तोंड लावायची भीती त्याने जाते.

कालदर्शी

रक्तस्राव सुटला का यात? बीएलएसच्या नेहमीच्या अभ्यासक्रमात तो मुख्य भाग नसतो, पण पोलिसांना हृदयविकारापेक्षा तोच जास्त वेळा भेटत असेल. २०१२ च्या सँडी हूक शाळेतल्या गोळीबारानंतर अमेरिकी शल्यचिकित्सकांनी तिथल्या हार्टफर्ड शहरात बसून हेच सांगितलं की पहिल्या पोचलेल्या पोलिसाला रक्त थांबवता आलं पाहिजे.

फिलाडेल्फियाचे पोलीस तर गोळी किंवा चाकू लागलेल्या माणसाला सरळ आपल्या गाडीत घालून रुग्णालयात नेतात, आणि अशा रुग्णांच्या जगण्याचं प्रमाण रुग्णवाहिकेने नेलेल्यांच्या तोडीस तोड निघालं. सगळीकडे हे जमेल असं नाही. तिथे अपघात-रुग्णालयं जवळ आहेत.

रानजाई

सुटला होता, आता घालते. जखमेवर दोन्ही हातांनी थेट आणि जोरात दाब. खोल जखमेत कापड ठासून भरायचं आणि वरून दाबायचं. हातापायातून भळाभळा रक्त येत असेल आणि दाबून थांबत नसेल तर टूर्निके (रक्त रोखायला आवळून बांधायचा पट्टा), जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत घट्ट. खूप दुखतं, म्हणून सैल करायचं नाही. बांधल्याची वेळ लिहायची.

शंकासुर

माझा विरोध आता खर्चापुरता उरलाय, आणि त्यावरही मला स्वतःलाच एक उत्तर सापडलं, ते टाकतो. अमेरिकी पोलिसांच्या अचानक हृदयविकाराने झालेल्या ४४१ मृत्यूंचा अभ्यास २०१४ मध्ये आला. नेहमीच्या कामाच्या तुलनेत झटापटीच्या वेळी असा मृत्यू येण्याचा धोका ३४ ते ६९ पट होता. शारीरिक प्रशिक्षणाच्या वेळीही तो २० पटींच्या पुढे. म्हणजे मैदानावर धावताना कोसळणारा पोलीस असेल आणि त्याच्या शेजारी फक्त पोलीसच असतील. आपल्याच जोडीदारासाठी शिकायचं आहे असं सांगितलं तर हॉलमधलं एकही डोकं खाली राहणार नाही.

निळाई

हे मी उद्याच हजेरीला वाचून दाखवणार.

एक अडचण: माझं वजन कमी आहे. मोठ्या माणसाच्या छातीवर माझा दाब पुरेसा खोल जात नाही असं वाटतं.

रानजाई

निळाई, दंडांच्या ताकदीने दाबू नकोस. गुडघे त्याच्या छातीला चिकटव, कोपरं सरळ ठेव, खांदे थेट हातांच्या वर आण आणि कमरेतून वाक, म्हणजे शरीराचं वजन कामाला येतं. त्याला कडक जमिनीवर घे. पलंगावर किंवा गाडीच्या सीटवर कितीही दाबलं तरी गादीच दबते. कमरेचा पट्टा आणि अंगावरचं जाड जॅकेट यांमुळे वाकायला अडतं, म्हणून सराव पूर्ण गणवेशातच कर. दीड मिनिटातच दमलीस तर तेव्हाच बदलायला सांग, २ मिनिटं पुरी करायची सक्ती नाही. फक्त बदलताना दुसरा माणूस समोरच्या बाजूला आधीच गुडघ्यावर तयार असू दे, म्हणजे थांबा काही सेकंदांचाच होतो.

सगळ्यांच्या सूचना घेऊन आराखडा पुन्हा लिहिते: पहिला दिवस हाताने करायचा, सहा जणांमागे एक मॅनिकिन आणि एक शिकवणारा, मग हजेरीच्या वेळचे छोटे सराव, आणि नियंत्रण कक्षाबरोबर खोट्या फोनची चाचणी. प्रत्येक ठाण्यातल्या दोघातिघांना शिकवायलाही तयार करायचं, म्हणजे माझी वाट बघायला नको. लेखी आदेशाची मागणी पत्रात सगळ्यात वर.

जुनाखाकी काका, त्या आदेशाचा मसुदा तुमच्या भाषेत लिहून द्याल का? मी लिहिलं तर ते रुग्णालयाचं पत्र वाटेल.

जुनाखाकी

देतो, ताई. दोन परिच्छेदांत बसेल. फक्त एक अट त्यात घालतो: पहिल्या सरावाला ठाण्याचे प्रभारी अधिकारी स्वतः गुडघ्यावर बसून २ मिनिटं छाती दाबतील, सगळ्यांसमोर. साहेबांनी केलं की खालचा माणूस लाजत नाही. रविवारपर्यंत इथेच टाकतो, डॉक्टरांनी एकदा नजर घालावी.